एक आवाज कमी

मालवणहून सुटलेली एसटी मे महिन्यात जशी असते तशीच होती, म्हणजे माणसांपेक्षा पिशव्या जास्त. निम्मे पर्यटक, निम्मे गावी निघालेले चाकरमानी, आणि उरलेल्या जागेत, जी मुळात नव्हतीच, रोजची माणसं. "मागच्यांनी म्होरे सरका, म्होरच्यांनी आणखी म्होरे सरका, पिशवे मांडयेर घेवा!" कंडक्टर ओरडला. त्यावर शेवटच्या बाकावरून कोणीतरी अगदी देवळातला सूर लावून उत्तर दिलं, "व्हय म्हाराजा!" अख्खी गाडी हसली. घाटावरच्या पर्यटकांना काही कळलं नाही, तरी तेही हसले. सुटीवर आलेल्या माणसाला हसायला कारण लागत नाही. हसली नाही ती फक्त समीक्षा परब. मधल्या खांबाला धरून ती उभी होती, आणि ते दोन शब्द कानावर पडताच तिचा हात खांबावरून सुटला. कोणीतरी आपल्याला भर गाडीत नावाने हाक मारून उभं केलं, असं तिला वाटलं. कोणाला तरी कळलंय. मुंबईच्या त्या बंद खोलीत जे झालं ते इथपर्यंत येऊन पोचलंय, आणि आता ही माणसं आपल्याला चिडवतायत. हे शक्य नाही, हेही तिला कळत होतं. नऊ वर्षं मुलांना इतिहास-भूगोल शिकवलेल्या बाईला एवढं कळायलाच हवं. पण आत जी भीती उठली होती तिला इतिहासही येत नव्हता आणि भूगोलही. तिने हात वर करून घंटेची दोरी ओढली. "मॅडम, कट्टा खंय इला अजून?" कंडक्टर म्हणाला. "माहीत आहे. मला इथेच उतरायचंय," ती म्हणाली, आणि एका फाट्यावर, जिथे तिचं कोणी नव्हतं आणि काही काम नव्हतं, तिथे उतरली.

गाडी गेली आणि धूळ खाली बसायच्या आत तिला स्वतःचा राग आला. आता कट्ट्याच्या बाजारापर्यंत दोन किलोमीटर, तिथून तिच्या गावापर्यंत आणखी तीन, डोक्यावर अकराचं ऊन आणि हातात आईसाठी घेतलेली खाज्याची पिशवी. ती चालायला लागली. सोळा दिवस ती हे दोन शब्द टाळत होती, आणि सिंधुदुर्गात राहून ते टाळायचे म्हणजे समुद्रात उभं राहून पाय कोरडे ठेवायचे. इथे देवळात गाऱ्हाणं घालतात. एक माणूस पुढे उभा राहून सगळ्या गावाच्या वतीने देवाला मोठ्याने सांगतो, अमक्याचं बरं कर, तमक्याची पीडा टाळ, आणि प्रत्येक वाक्याशेवटी मागे जमलेले लोक एका आवाजात म्हणतात, व्हय म्हाराजा. झालं. यात लाजण्यासारखं काय आहे? लग्नात म्हणतात, क्रिकेटच्या मैदानावर म्हणतात, दारू प्यायला बसलेले पहिला पेला उचलून म्हणतात. आणि समीक्षाच्या घरात तर हे शब्द भाताइतके रोजचे. कारण गावात पुढे उभा राहून गाऱ्हाणं घालणारा माणूस म्हणजे तिचा बाप, गंगाराम परब. चौथी पास, भाताचे तीन कुणगे, म्हणजे छोटे तुकडे, आणि काजूची चाळीस झाडं एवढाच संसार, पण सत्तर घरांचं गाऱ्हाणं त्याच्या तोंडून देवाकडे जायचं. त्याच्या आधी त्याच्या बापाच्या आणि त्याहीआधी आजोबाच्या तोंडून जायचं. हा मान घराण्याचा होता. घराण्यात पदवी मात्र तिच्या आधी कोणाकडेच नव्हती, ना बापाच्या बाजूला, ना आईच्या.

तहसीलदाराच्या जागेसाठीची मुलाखत बरी चालली होती. हेच तर तिला छळत होतं. वाईट चालली असती तर माणूस सुटतो, घरी येतो, दोन दिवस झोपतो, तिसऱ्या दिवशी वह्या तपासायला घेतो. मागच्या खेपेला तसंच झालं होतं, आणि वयाच्या चौतिसाव्या वर्षी ही खेप बहुधा शेवटची, हे तिने कोणाला न सांगता ठरवलं होतं. म्हणून यावेळी तयारीत कसर ठेवली नव्हती. मालवणला तिच्या खोलीत राहणारी विनीता, शाळेतली सायन्सची बाई, रोज संध्याकाळी खांद्यावर टॉवेल टाकून साहेब व्हायची आणि तिला उलटसुलट विचारायची. कसं बसायचं, हात कुठे ठेवायचे, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणून मोकळं व्हायचं, सगळं घोटून झालं होतं. आणि खरोखरच, समोरच्या तिघांपैकी चष्मा लावलेल्या बाई दोनदा मान डोलावून हसल्या होत्या. मग मधोमध बसलेले पांढऱ्या केसांचे गृहस्थ पुढे झुकले. त्यांचा आवाज जाड होता, संथ होता. "समजा, तुमच्या तालुक्यात पूर आलाय," ते म्हणाले. "घरांत पाणी शिरलंय. माणसं तुमच्या दारात उभी आहेत. हाताखालचा माणूस जागेवर नाही, वरून फोनवर फोन येतायत. यातून कोणाला काही इजा होऊ न देता, सगळ्यांना सुखरूप बाहेर काढायची जबाबदारी तुमच्या शिरावर असेल," आणि इथे त्यांनी आवाज किंचित वर नेला आणि सोडून दिला. नेमका तिथे, जिथे तिचा बाप सोडतो. समीक्षा विचार करत होती असं तिला आजही वाटत नाही. ती फक्त त्या रिकाम्या जागेत पडली. "व्हय म्हाराजा," ती म्हणाली. मोठ्याने, खड्या आवाजात.

कट्ट्याच्या बाजारात तिने पाण्याची बाटली घेतली. दुकानातला हरिश्चंद्र तिच्या गावचा. "काय गो मास्तरणी, आज गाऱ्हाण्याक ना? आमी दुपारी दुकान बंद करून येतलो. तुझ्या बापाशीन सगळ्यांक सांगून ठेवल्यान, एक घर चुकाक नाय." तो हसला आणि खालच्या आवाजात, जणू गुपित सांगावं तसा म्हणाला, "थय सायबांसमोर देवानच तुझ्या तोंडातसून साद घातल्यान, व्हय ना गो?" समीक्षाने बाटलीचं झाकण उघडायला घेतलं, ते उघडेना. "असं काही नाही काका," ती म्हणाली. अस्वस्थ झाली की तिची मालवणी आपोआप जायची आणि पुस्तकातली मराठी यायची, हे तिच्या लहानपणापासूनचं. शाळेत तर हा नियमच होता, आणि आता तोच नियम ती दुसऱ्यांना लावत होती. वर्गात माका नाही, मला म्हणायचं. खंय नाही, कुठे. ती रागावून सांगायची नाही, हसून सांगायची. मुलं गोंधळायची, जीभ चावायची, पुन्हा म्हणायची. बाहेरच्या जगात तुम्हाला कोणी हसायला नको, एवढंच तिच्या मनात असायचं. हे ती विनीतालाही सांगायची आणि स्वतःलाही.

गावात ही गोष्ट पोचवली ती तिनेच. मुलाखतीच्या दिवशी संध्याकाळी, दादरला गावच्या एका ओळखीच्यांकडे बसून, तिने घरी फोन लावला. "कसा झाला गो?" बाबांनी विचारलं, आणि तिला ते हसण्यावारी न्यायचं होतं, म्हणून तिने सांगून टाकलं की बाबा, असं असं झालं, माझ्या तोंडून व्हय म्हाराजा गेलं. तिला वाटलं बाबा हसतील. ते हसले नाहीत. मग बाबा म्हणाले, "मगे काम झाला म्हणान समज." आणि तिथूनच आईला हाक मारून त्यांनी तेच पुन्हा मोठ्याने सांगितलं. तिथेच ती अडकली. कारण तिने फक्त अर्धी गोष्ट सांगितली होती, आणि त्या हाकेपुढे उरलेली अर्धी सांगायची तिची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी फोनवर आई म्हणाली, "बाबा सकाळधरना घराघरात जाऊन सांगतहत." सोळा दिवसांत ती अर्धी गोष्ट गावभर फिरली, सजली, मोठी झाली. आणि आज मृगाच्या आधीचं सालाबादचं सामाईक गाऱ्हाणं. आज बाबा ती देवासमोर सांगणार, आणि सत्तर घरं म्हणणार, व्हय म्हाराजा.

उरलेली अर्धी अशी होती.   चष्म्यातल्या बाईंनी विचारलं, "काय म्हणालात?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, कुतूहल होतं, कदाचित थोडी गंमतही. एखादी शहाणी बाई तिथे म्हणाली असती, मॅडम, आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात, माझे वडील घालतात, ते वाक्याच्या शेवटी असेच थांबतात, म्हणून सवयीने आलं. दोन मिनिटांचं काम होतं. नंतर बेसिनवर तोंड धुताना, रेल्वेच्या रांगेत, गणपतीच्या फोटोसमोर तिने हे उत्तर शंभर वेळा दिलं, दरवेळी आधीपेक्षा चांगलं. पण त्या खोलीत तिच्या तोंडून निघालं ते असं: "सॉरी मॅडम. ते काही नाही. आमच्याकडची अडाणी माणसं म्हणतात तसं. ऐकून ऐकून कानात बसलंय." पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी तिच्याकडे बघितलं, मग समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. छोटंसं, एका ओळीचं. "वडील काय करतात?" त्यांनी विचारलं. "शेती," ती म्हणाली. बस, शेती. आणि पुढच्या प्रश्नांची तिने उत्तम उत्तरं दिली.

काय लिहिलं असेल त्यांनी? सोळा दिवस या एका ओळीने तिची झोप घालवली होती. उमेदवार गोंधळते, असं लिहिलं असेल तर गुण गेले. उमेदवार सावरते, असं लिहिलं असेल तर गुण आले. आणि याहून वाईट विचार पहाटेपहाटे यायचा, की त्यांना काय आवडलं असेल? 'अडाणी' हा शब्दच आवडला असेल तर? उंबरा ओलांडताना पायातली चप्पल काढून टाकावी तसा बाप बाहेर ठेवून ही मुलगी आत आलीय, म्हणजे ही आपल्यातली, असं वाटून त्यांनी चार गुण जास्त दिले असतील तर? निवड झाली नाही तर जीभ घसरली म्हणून, आणि झाली तर बापाला अडाणी म्हटलं म्हणून. दोन्हीकडून मान खाली तिचीच. विनीता म्हणाली होती, "तू जास्त विचार करतेस. ते लोक दिवसाला पंचवीस जणांना बघतात. दुसऱ्या दिवशी त्यांना तुझं नावही आठवत नसेल." हे खरं असेल. पण तिला आठवत होतं ना.

गावाकडची वाट काजूंच्या सावलीतून होती. झाडाखाली गळलेली बोंडं सडत होती, त्याचा आंबूस वास वाटभर. या वाटेवरून बाबांबरोबर ती एकदाच तालुक्याच्या ऑफिसात गेली होती, अकरावीत असताना. आजोबा वारले होते आणि सातबारावर बाबांचं नाव चढायचं होतं. टेबलामागे एक गृहस्थ चहा पीत बसले होते. बाबा पुढे झाले, टोपी काढली. आणि मग जे झालं ते तिने आयुष्यात आधी कधी पाहिलं नव्हतं. बाबांना बोलता येईना. जो माणूस देवासमोर तासभर उभा राहून एका श्वासात सत्तर घरांची दुखणीखुपणी मांडतो, ज्याला कुठे थांबायचं आणि कुठे उचलायचं हे कोणी शिकवावं लागलं नाही, तो त्या टेबलासमोर म्हणाला, "सायब, ते माझे... माझा वडील... ते नाव..." मालवणी बोलायची नाही हे त्यांनी घरूनच ठरवलं होतं, आणि दुसरी भाषा येत नव्हती. "नीट बोला हो," चहा पिणारे म्हणाले. "काय अडाण्यासारखं करताय?" बाबा हसले. तेच तिला सहन झालं नाही, की ते हसले. मग ती पुढे झाली आणि शाळेतल्या मराठीत सगळं सांगितलं, आणि काम झालं. परतताना याच वाटेवर बाबा म्हणाले, "बरा बोललंस गो," आणि पुढे घर येईपर्यंत काही बोलले नाहीत. त्या दिवशी तिने ठरवलं होतं की आपण त्या टेबलाच्या पलीकडे बसायचं. शिक्षिका झाली ती घर चालायला हवं म्हणून, पण नजर त्या खुर्चीवर होती. त्याला अठरा वर्षं झाली होती. आणि खुर्चीत बसायच्या आधीच, नुसता तिचा वास आल्याबरोबर, तिच्या तोंडात त्या चहा पिणाऱ्याचा शब्द आला होता. दुसरा कुठलाही नाही, तोच.

घरी आई खळ्यात, म्हणजे अंगणात, कोकमं वाळत घालत होती. "इलंस? चलत कित्याक इलंस गो, तोंड बघ कसा लाल झालासा!" आईने पिशवी घेतली, तिच्या हाताला हात लावून बघितला. "जेवलंस काय? पेज झाकून ठेवलंय." समीक्षाने पेज पुढ्यात घेतली, दोन घास खाल्ले आणि ठेवून दिली. ओटीवर देवांच्या फोटोंशेजारी तिचा पदवीदानाचा फोटो, काळा झगा घातलेला, त्यालाही आई रोज फूल घालायची. कितीदा सांगितलं तरी ऐकायची नाही. "बाबा खंय?" तिने विचारलं. "देवळात. सकाळपासून जेवक पण येवक नाय. आज काय बोलायचा ता मनात जुळवतहत म्हणे. आवाज बसान म्हणान माझ्याशी पण बोलनत नाय." आई हसली, मग तिच्याकडे निरखून बघत म्हणाली, "तुका बरा वाटना नाय काय?" सांगावं का? आईला तरी सांगावं. आई म्हणाली असती, जावंदे गो, काय झाला तेका. आईच्या लेखी पोरीची चूक ही चूक नसतेच. म्हणून तिला सांगून उपयोग नव्हता. "ऊन लागलं थोडं," समीक्षा म्हणाली. तेवढ्यात मोबाइल थरथरला. विनीता. "यादी लागली. मी बघू की तू बघतेस?" एवढंच. समीक्षाने उत्तर लिहिलं, मी बघते, आणि पाठवलं, पण ते जाईना. घरात रेंज येऊन-जाऊन असायची. नीट मिळायची ती देवळामागच्या कातळावर, म्हणून समीक्षा तिकडे गेली.

कातळ तापून निघाला होता. देवळाच्या पुढच्या बाजूला लोक जमत होते, त्यांचे आवाज येत होते. कोणीतरी ढोलावर बोटं मारून बघत होतं. समीक्षाने यादी उघडली आणि ती उघडायला इतका वेळ लागला की तेवढ्यात तिने दोन नवस बोलून परत घेतले. मग नावं आली. तिने वरून वाचायला सुरुवात केली नाही, खालून केली, कारण वरून वाचण्याइतका विश्वास नव्हता. खालून चाळिसाच्या आत तिचं नाव होतं. परब समीक्षा गंगाराम. तिने ते तीनदा वाचलं. बापाचं नाव शेवटी होतं, प्रत्येकाचं असतं तसं. तिला वाटलं होतं की हे घडलं तर आपण रडू, ओरडू, धावत सुटू. काहीच झालं नाही. तिला आनंद झाला, नाही असं नाही, पण तो कोणा दुसऱ्या समीक्षाला झालेला आनंद असावा आणि आपण तो लांबून बघावा, तसा. आणि त्याच्या पाठोपाठ लगेच तेच: काय लिहिलं होतं त्यांनी? आता हे कधीच कळणार नाही.

ती देवळाला वळसा घालून पुढे आली. गंगाराम परब सभामंडपाच्या पायरीवर उभे होते. कमरेला स्वच्छ पंचा, खांद्यावर उपरणं, हातात नारळ. ती जवळ गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा, यादीत नाव आसा." त्यांनी तिच्याकडे बघितलं. त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या. "माका ठावक होता," ते म्हणाले, आणि नारळ या हातातून त्या हातात घेतला. "आता मागे रव. बोलतंय तेका." देवाला बोलतो, म्हणजे. ती बायकांच्या घोळक्यात जाऊन उभी राहिली. बातमी तिच्याआधी तिथे पोचली होती. कोणी पाठीवरून हात फिरवला, कोणी कानशिलावर बोटं मोडली. "आता सगळी कामां होतली गो बाय आमची," एक म्हातारी म्हणाली. समीक्षा हसली. आपण बाबांसारखं हसतोय, त्या दिवशी टेबलासमोर ते हसले तसं, हे तिला जाणवलं.

गाऱ्हाण्यात लबाडी करता येत नाही, हे तिला दहाव्या वर्षी कळलं होतं. त्या साली हरिश्चंद्र आणि धोंडू हे दोघे भाऊ बांधावरून भांडले होते. गाऱ्हाणं सुरू झालं, लोक व्हय म्हाराजा म्हणाले, आणि बाबा थांबले. मागे न बघता म्हणाले, "एक आवाज कमी आसा." बाबांनी तेच वाक्य पुन्हा देवाला सांगितलं, लोकांनी पुन्हा उत्तर दिलं, बाबा पुन्हा थांबले. "एकाचो जरी आवाज नसलो तर ता गावाचा गाऱ्हाणा नाय," ते म्हणाले. पाव तास सगळे उन्हात उभे. शेवटी धोंडूने मान खाली घालून व्हय म्हाराजा म्हटलं आणि गाऱ्हाणं पुढे सरकलं. घरी आल्यावर तिने विचारलं होतं, बाबा, एवढ्या माणसांत कळलं कसं? "कळता," ते म्हणाले होते. "थय भोक पडता."

"बा देवा म्हाराजा!" बाबांनी सुरुवात केली, आणि मंडपातल्या चिमण्या उडाल्या. "सालाबादप्रमाणे आज तुझी सगळी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आता मिरग येतलो, शेतात पाय पडतले. कोणाच्या पायाक जनावर लागांदे नको, कोणाचो बैल आडवो पडांदे नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोण मुंबयक गेलेलो, कोण गोंयात गेलेलो, खंय आसात थय तेका सांभाळ, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" समीक्षाही म्हणत होती. इथवर जमत होतं.  बाबांचा आवाज थोडा खाली आला. आता येणार, तिला कळलं. त्यांची पाठ तिच्याकडे होती, मानेवरची ती उन्हाने भाजलेली रेघ दिसत होती.

"आणि म्हाराजा, माझ्या घरातला चेडू, माझी समीक्षा, आज तू वर काढलंस. थय मोठ्या सायबांच्या म्होरे तेका बोलूक सुचला नाय, तेव्हा तूच तेच्या तोंडात बसलंस, म्हाराजा! आमचा नाव राखलंस, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सत्तर घरांनी एवढ्या जोरात उत्तर दिलं की बाजूला झोपलेलं कुत्रं उठून उभं राहिलं. समीक्षाने तोंड उघडलं होतं. आवाज आला नाही. एवढ्या गलक्यात एक बाई नुसते ओठ हलवते हे कोणाला कळणार होतं? शेजारची म्हातारीसुद्धा ओळखू शकली नसती. बाबा थांबले. नारळ धरलेला हात तसाच राहिला. लोकांनी एकमेकांकडे बघितलं. हरिश्चंद्राने धोंडूकडे बघितलं आणि धोंडूने मान हलवली, मी नाय, मी म्हटलंय.

"एक आवाज कमी आसा," बाबा म्हणाले.

त्यांना माहीत होतं कोणाचा. मागे वळून बघत नव्हते, यावरूनच तिला कळलं. आता म्हणून टाकावं, तिने ठरवलं, एकच शब्द, दोन शब्द, संपेल. निवड झालीय. आता कशाला? आयुष्यभर कोणाला कळणार नाही, कागदावरची ती एक ओळ कपाटात बंद झाली असेल. आणि तिला दिसलं की हे असंच पुढे चालेल, दर साली गाऱ्हाण्यात ही गोष्ट येईल, आपण दर साली ओठ हलवू, आणि एक दिवस सवय होईल. त्या सवयीची तिला जी भीती वाटली तशी मुलाखतीची वाटली नव्हती, निकालाचीही नाही.

"बाबा, माझो," ती म्हणाली. "माझो आवाज कमी आसा." बायका बाजूला सरकल्या. तिला वाटलं होतं पुस्तकातली मराठी येईल, पण ती आली नाही. "थय त्येंनी माका इचारल्यानी, ह्या काय बोललंस? मी सांगलंय, अडाणी माणसां बोलतत. तुमचा नाव मी घेवक नाय. गाऱ्हाणा माझो बापूस घालता, ता मी सांगाक नाय. माका लाज वाटली बाबा."

 ढोलवाल्याने हातातली काठी हळूच खाली ठेवली. बाबांनी वळून बघितलं नाही. त्यांची पाठ एकदा वर आली आणि खाली गेली, एवढंच तिला दिसलं. त्यांनी उपरण्याच्या टोकाने तोंड पुसलं, आणि बराच वेळ ते टोक हातातच राहिलं. आता ते गाऱ्हाणं अर्ध्यावर सोडून जातील, असं तिला वाटलं. त्या ऑफिसातून निघाले तसे, काही न बोलता, घर येईपर्यंत. मग त्यांनी नारळ पुन्हा दोन्ही हातांत धरला. आवाज बसला होता. तो त्यांनी उचलला.

"बा देवा म्हाराजा! लेकरू बोलला ता ऐकलंस. आमी अडाणी, ता काय खोटा नाय, म्हाराजा." ते थांबले नाहीत, उत्तराला जागाच ठेवली नाही. "पण उद्या ह्या लेकरू खुर्चेर बसतला. हेच्या म्होरे कोण तरी टोपी काढून उभो रवतलो, आणि तेका बोलूक येवचा नाय. तेव्हा हेका आजच्या दिसाची आठवण रवांदे. तेका नीट बोल म्हणान सांगाच्या आधी हेचीच जीभ अडकांदे, म्हाराजा!"

आणि मग त्यांनी आवाज वर नेला आणि सोडून दिला.  असल्या गाऱ्हाण्याला उत्तर द्यायचं की नाही, आणि दिलं तर ते तिच्या बाजूने होतं की विरुद्ध, हे कोणालाच ठरवता येईना, आणि पहिला आवाज कोणी काढायचा म्हणून सगळे एकमेकांची वाट बघत उभे राहिले. बाबा पाठमोरे, तसेच. त्यांनाही घाई नव्हती.

"व्हय म्हाराजा," समीक्षा म्हणाली. एकटीच.